सेल्फ-केअरची मेणबत्ती

गवतीचहा | रविवार, रात्री ९:४०

गेल्या महिन्यात आमच्या हापिसात 'वेलनेस वीक' झाला. सोमवारी सकाळी प्रत्येकाच्या टेबलावर एक खोकं. आत लॅव्हेंडरची मेणबत्ती, तोंडाला लावायचा कागदी मास्क, 'स्वतःसाठी वेळ काढा' असं छापलेली वही आणि ध्यानाच्या अ‍ॅपचं महिन्याभराचं फुकट कूपन. दुपारी चारला मेल आली: सॉफ्टवेअरच्या रिलीजची तारीख अलीकडे आल्यामुळे पुढचे दोन्ही शनिवार यायचंय, मंजूर रजाही रद्द. शेजारच्या पोरीने तो मास्क तिथेच फोडला, तोंडावर चिकटवला आणि तशीच कोड लिहायला बसली. मॅनेजर समोरून गेला, काही बोलला नाही. काय बोलणार?

हसून घेतलं, पण डोक्यात किडा वळवळायला लागला. ही सेल्फ-केअर नावाची भानगड आली कुठून? शोधत गेले आणि जे हाती लागलं ते मेणबत्तीपासून इतकं लांबचं होतं की इथे टाकल्याशिवाय राहवेना. लांबण लागलीय, आधीच सांगते.

इंटरनेटवर एक वाक्य गुलाबी पार्श्वभूमीवर सतत फिरत असतं: स्वतःची काळजी घेणं म्हणजे स्वतःचे लाड नव्हेत. खाली नाव ऑड्री लॉर्ड. मला वाटायचं असेल कोणी लाइफ कोच. तर ही बाई न्यूयॉर्कची कृष्णवर्णीय, समलिंगी कवयित्री. बरीच वर्षं ग्रंथपाल होती. १९७८ मध्ये स्तनाचा कर्करोग झाला, १९८४ मध्ये तो यकृतात पोचल्याचं कळलं. त्या काळातल्या तिच्या नोंदी १९८८ च्या 'अ बर्स्ट ऑफ लाइट' या पुस्तकात आहेत आणि ते वाक्य तिथलं. पण ते तिथे संपत नाही. पुढे ती म्हणते, हे स्वतःला टिकवून धरणं आहे, आणि म्हणून ही राजकीय युद्धातली कृती आहे. मी पाहिलेल्या मगांवर आणि उश्यांवर हे युद्ध कुठेच नाही. मगाएवढ्या जागेत मावलं नसेल म्हणू या. जिच्या जगण्या-मरण्याने भोवतालच्या समाजाला फारसा फरक पडत नव्हता, अशा बाईने 'मी आज जेवणार, झोपणार, लिहिणार आणि जगणार' असं म्हणणं, एवढा त्या शब्दाचा अर्थ होता. १९९२ मध्ये ती गेली.

तिच्या आधी जावं तर ब्लॅक पँथर पार्टी लागते. ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात ओकलंडला काढलेली. आपल्या डोळ्यांसमोर येतात ती काळी जाकिटं आणि बंदुका. पण जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्याच एका चर्चमध्ये त्यांनी शाळकरी पोरांना सकाळचा नाश्ता फुकट द्यायला सुरुवात केली. मग गावोगावी मोफत दवाखाने निघाले. १९७१ पासून सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासण्या सुरू झाल्या. हा आजार तिकडे मुख्यतः काळ्या लोकांत, त्यामुळे सरकारचं तिकडे लक्ष जायलाच उशीर झाला होता. नंदुरबार किंवा गडचिरोलीत आदिवासींमध्ये काम केलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. १९७२ मध्ये त्यांनी आपल्या दहा कलमी कार्यक्रमात मोफत आरोग्यसेवेची मागणी घातली. त्यांच्यातली एरिका हगिन्स तुरुंगात असताना योग आणि ध्यान करायला लागली. वेडं व्हायचं नाही म्हणून! पुढे ती ओकलंडला पार्टीची शाळा चालवायची, तिथे पोरांनाही ध्यानाला बसवायची.

आणि सगळ्यात मजेशीर गोष्ट न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समधली. लिंकन हॉस्पिटल नावाचं पडकं सरकारी इस्पितळ होतं. १९७० च्या जुलैत यंग लॉर्ड्स या पोर्तो रिकन तरुणांच्या संघटनेने ते काही तासांसाठी चक्क ताब्यात घेतलं. नोव्हेंबरमध्ये पुन्हा घुसून हेरॉइनचं व्यसन सोडवणारं केंद्र तिथेच थाटलं, पँथरही सोबत होते. आधी हेरॉइनऐवजी मेथाडोन हे औषध द्यायचे. पुढे त्यांना कळलं की कानाला सुया टोचून नशेची तडफड कमी करतात. मग स्वतः शिकले, वस्तीतल्या लोकांना शिकवलं, त्यात व्यसनातून उठलेलेही होते. १९७८ मध्ये महापालिकेने त्यांना तिथून हुसकलं, पण कानाच्या पाच बिंदूंची ती पद्धत टिकली. सुयांनी व्यसन खरंच किती सुटतं यावर वाद आहेत, ते बाजूला ठेवते. आज कानावर चिकटवायचे 'इअर सीड्स' मिळतात, सोन्याचा मुलामा आणि चमकते खडे लावलेले. विकणारे साउथ ब्राँक्सचं नाव काढत नाहीत.

वेलनेसचं गोत्र वेगळं. हॅल्बर्ट डन नावाचे अमेरिकन सरकारी आकडेवारी खात्यातले डॉक्टर. पन्नासच्या दशकाच्या शेवटी व्हर्जिनियातल्या एका चर्चमध्ये त्यांनी व्याख्यानं दिली: आजार नसणं म्हणजे आरोग्य नव्हे, त्याच्या वरही पायऱ्या आहेत. १९६१ मध्ये त्याचं पुस्तक झालं, फारसं कोणी विचारलं नाही. ते वाचून जॉन ट्रॅव्हिस या तरुण डॉक्टरने १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मिल व्हॅली या पैसेवाल्या गावात वेलनेस सेंटर काढलं. १९७९ मध्ये टीव्हीवर पत्रकार डॅन रादर यांनी त्यावर कार्यक्रम केला तेव्हा सुरुवातच अशी होती की हा शब्द काही रोज कानावर पडत नाही!

म्हणजे दोन झरे. एक, ज्यांना दवाखान्याच्या दारातही कोणी उभं करत नव्हतं त्यांचा. दुसरा, ज्यांना काही झालेलं नव्हतं त्यांचा. मला दिसतं ते असं की बाजाराने भाषा पहिल्यांची उचलली आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांतलं. 'तू दमलीस, जगाने तुला दमवलंय' हे वाक्य लॉर्डच्या घरचं, पुढचं 'म्हणून हे सीरम घे' हे मिल व्हॅलीच्या वाटेचं. ग्लोबल वेलनेस इन्स्टिट्यूट या संस्थेने २०२३ सालची ही उलाढाल ६.३ ट्रिलियन डॉलर धरलीय. त्या वर्षीच्या भारताच्या जीडीपीच्या दीडपटीहून जास्त. अर्थात मोजणारे याच धंद्याच्या गोतावळ्यातले, आणि ते घरं, पर्यटन, खाणं सगळंच त्यात घालतात.

तर, तुमचं काय?

---

टिंग्या७९ | रविवार, रात्री ९:५८

पहिला! लांबण आहे खरी. चहा टाकतो आणि वाचतो, तोवर ही पोच.

---

मिरजेची_सिस्टर | रविवार, रात्री ११:१५

धागा आवडला, पण एक अख्खी पायरी गाळलीत. हा शब्द आम्हाला नर्सिंग कॉलेजात भेटला, लॉर्डबाईंचं नाव आज ऐकतेय. डोरोथिया ओरेम म्हणून अमेरिकन नर्स होत्या. त्यांचा सिद्धांत १९७१ मध्ये पुस्तकरूपाने आला, आम्ही तो घोकून परीक्षेत लिहिलाय. गाभा सोपा आहे. माणूस स्वतःचं जे रोज करतो, म्हणजे खाणं, अंघोळ, संडास-लघवी, औषध, जखम सांभाळणं, ती सेल्फ-केअर. ते त्याला जमेनासं होतं तिथे नर्सचं काम सुरू होतं. आधी सगळं आपण करायचं, मग अर्धं त्याच्याकडून करून घ्यायचं, शेवटी नुसतं शिकवून बाजूला व्हायचं.

ऐकायला कोरडं वाटेल, वॉर्डात नाही वाटत. आमच्याकडे एक शेतकरी होते, नवीन इन्सुलिन लागलेलं. घरी फ्रीज नाही. दोन मडकी एकात एक ठेवून मध्ये ओली वाळू घालायची आणि आतल्या मडक्यात बाटली ठेवायची, हे शिकवलं. त्यांना सिरिंजवरच्या रेघा दिसायच्या नाहीत, बायकोला अक्षरओळख नाही. तिला मी रेघा मोजायला शिकवलं, रंगीत दोरा बांधून. तळपाय रोज आरशात बघायचे, कारण बधिर पायाला खडा टोचलेला कळत नाही. तीन महिन्यांनी आले तेव्हा ती बाई मला म्हणाली, "सिस्टर, आता तुम्ही नका टोचू, तुमचा हात जड आहे." आमच्या पुस्तकातली सेल्फ-केअर ती ही. यात विकण्यासारखं काय आहे सांगा. दोरा?

आणि बघा, यात 'सेल्फ' एकटा नाहीच. बायको आहे, मडकं आहे, मी आहे.

अवांतर: यंदा परिचारिका दिनाला आम्हाला गुलाबाचं फूल आणि 'स्वतःकडे लक्ष द्या' या विषयावर व्याख्यान मिळालं. रात्रपाळी संपल्यावर, सकाळी साडेआठला. निम्म्या जणी खुर्चीत झोपल्या. तेवढी झाली सेल्फ-केअर.

---

शंकासुर | सोमवार, सकाळी ७:३०

लेख मेहनतीने लिहिलाय, पण मांडणी जरा 'आधी सगळं पवित्र होतं, मग बाजाराने बाटवलं' अशी झालीय. ती मला पटत नाही. दोन मुद्दे.

एक. आरोग्याचा धंदा तुमच्या पँथरांपेक्षा शंभरेक वर्षांनी जुना आहे. मिशिगनमधल्या बॅटल क्रीक गावात अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाने १८६६ मध्ये आरोग्यधाम काढलं. १८७६ पासून ते डॉ. जॉन हार्वे केलॉग यांच्या हातात. शाकाहार, एनिमा, प्रकाशस्नान, व्यायाम, सगळं होतं. श्रीमंत लोक महिनोन्महिने राहायला यायचे. १८९१ मध्ये सी. डब्ल्यू. पोस्ट हा आजारी माणूस तिथे आला, बाहेर पडून त्याच गावात त्याने स्वतःचा कारखाना टाकला. १८९५ ला कॉफीच्या ऐवजी प्यायचं पोस्टम, १८९७ ला नाश्त्याचं ग्रेप-नट्स. पेशंटच स्पर्धक झाला! मग डॉक्टरांचा धाकटा भाऊ विल, जो इतकी वर्षं तिथे हिशेब सांभाळत होता, त्याने १९०६ मध्ये कॉर्नफ्लेक्सची वेगळी कंपनी काढली आणि त्यात साखर घातली. डॉक्टरांना साखर म्हणजे विष. भाऊ कोर्टात गेले. आज आपल्या पोरांच्या वाटीत जे आहे ते धाकट्याचं. तेव्हा बाजार नंतर शिरला असं नाही, तो पाळण्यातच होता.

दोन. लॉर्डबाईंना मखरात बसवण्याआधी त्यांच्याच नोंदी नीट वाचा. यकृताची बायोप्सी त्यांनी नाकारली. बर्लिनमध्ये मिसल्टो या वनस्पतीच्या अर्काची इंजेक्शनं घेतली. डिसेंबर १९८५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आर्लेसहाइमच्या क्लिनिकमध्ये जाऊन राहिल्या, तिथे चित्रकला आणि तालबद्ध हालचाली हा उपचाराचा भाग होता. त्याला आज आपण वेलनेस रिट्रीटच म्हटलं असतं. ती निवड त्यांची, माझा आक्षेप नाही. पण मग शेजारच्या पोरीने मास्क लावला तर एवढा त्रागा का? कुणाला मेणबत्ती लावून बरं वाटत असेल तर आपलं काय जातं?

---

टिंग्या७९ | सोमवार, सकाळी ९:०५

चहा झाला, वाचून झालं, शंकासुर आलेले बघून पॉपकॉर्नही आणले. चालू द्या.

---

गवतीचहा | सोमवार, दुपारी १:२०

@मिरजेची_सिस्टर, ओरेमबद्दल मला खरंच माहीत नव्हतं. रंगीत दोऱ्याचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला.

@शंकासुर, बॅटल क्रीकचं मान्य. अर्धं मान्य. कारण त्या केलॉगसाहेबांची दुसरी बाजूही घ्या: जानेवारी १९१४ मध्ये त्याच आरोग्यधामात 'वंशसुधार' परिषद भरली होती आणि डॉक्टर त्याचे खंदे पुरस्कर्ते. कोणी मुलं जन्माला घालावीत आणि कोणी नाही, असल्या गप्पा. म्हणजे 'शुद्ध शरीर' विकणाऱ्याच्या डोक्यात अशुद्ध कोण याची यादी तयार होती. पँथरांचा दवाखाना त्या यादीतल्यांनी काढला. दोन्हीकडे आरोग्य हाच शब्द असला तरी मला ही एकाच पाळण्यातली भावंडं वाटत नाहीत.

आर्लेसहाइमचं मला टोचलं. मी ते वाचलं होतं आणि लेखात घातलं नाही, कबूल. सोयीचं नव्हतं म्हणून नाही घातलं. पण बघा, ती तिथे मरणाच्या दारात गेली होती, आणि तिथल्या नोंदींत ती दक्षिण आफ्रिकेतल्या बायकांचाही विचार करतेय. 'मी' आणि 'त्या' ही फोड तिच्याकडे नव्हती. आणि मास्क लावणाऱ्या पोरीवर राग नाहीच हो! मास्क वाटून शनिवार घेणाऱ्यांवर आहे.

---

जुना_पँथर | सोमवार, रात्री ८:५०

नावावरून कळलंच असेल. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले ही मंडळी होती. नाव अमेरिकेतल्या पँथरांवरूनच घेतलेलं. मी तेव्हा वडाळ्याला कॉलेजात होतो, नेता-बिता नव्हतो, पत्रकं चिकटवायचो. खरं सांगतो, आमच्या टोळक्यापर्यंत त्यांच्या बंदुका आणि घोषणा पोचल्या, नाश्ता पोचला नाही. त्यांच्या दवाखान्यांबद्दल मी पन्नाशीनंतर वाचलं आणि वाईट वाटलं की हे तेव्हा कळायला हवं होतं. आमच्यातले किती जण दारूत आणि खोकल्यात गेले. त्यांना कोणी सांगितलं असतं की बाबा, तू जगणं हेसुद्धा चळवळीचं काम आहे, तर? तेव्हा तब्येतीबद्दल बोलणं म्हणजे मध्यमवर्गीय चोचले समजले जायचे. आम्हीच समजायचो.

अजून एक सांगतो, लेखात नाही म्हणून. एप्रिल १९७७, सॅन फ्रान्सिस्को. अपंगांच्या हक्काच्या कायद्याचे नियम सरकार लटकवत होतं. दीडशेच्या आसपास अपंग माणसं सरकारी इमारतीत घुसून बसली आणि तीन आठवड्यांहून जास्त हलली नाहीत. कुणाला कूस बदलायला दुसरा माणूस लागतो, कुणाला लघवीची नळी बदलावी लागते. तिथे रोज गरम जेवण कुणी पोचवलं? ओकलंडच्या पँथरांनी. शेवटी नियमांवर सही झाली. सिस्टर म्हणतात तसं, त्यात एकटा 'सेल्फ' कुठेच नव्हता.

शंकासुर, 'आपलं काय जातं' याचं उत्तर माझ्याकडे एवढंच. मेणबत्तीने काही जात नाही. पण 'तुझा थकवा ही तुझी खासगी बाब, तूच निस्तर' हे एकदा डोक्यात बसलं की युनियन जाते.

---

कुंदा_पुणे३० | सोमवार, रात्री ९:१०

जुना_पँथर, शेवटच्या ओळीला +१००.

---

मोहरी_फोडणी | मंगळवार, पहाटे ४:२५

एडिसन, न्यू जर्सी. इथल्या कॅफेत 'गोल्डन मिल्क', म्हणजे आपलं हळदीचं दूध, साडेसहा डॉलरला. वर दालचिनीची भुकटी आणि 'प्राचीन विधी' असं काहीतरी फळ्यावर. मुलगी म्हणाली आई हे घेऊ या. मी म्हटलं, लहानपणी हे पाजायला आजी माझ्यामागे धावायची आणि मी बाथरूममध्ये ओतायचे. साडेसहा डॉलर! घरी येऊन करून दिलं. तिने बाथरूममध्ये ओतलं.

हळदीवरून आठवलं. १९९५ मध्ये अमेरिकेने मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं होतं. जखमेवर हळद! भारत सरकारच्या सीएसआयआर या संशोधन संस्थेने आव्हान दिलं, तेव्हा प्रमुख आपले माशेलकर. जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे केले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. पेटंट पुरावे देऊन थांबवता आलं. हे गोल्डन मिल्क कोण थांबवणार?

---

इगतपुरीचा_वारा | मंगळवार, सकाळी ६:१५

ध्यानाच्या अ‍ॅपचा विषय निघालाच आहे तर. इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना ध्यानाचं केंद्र १९७६ पासून चालू आहे. गोयंका गुरुजी १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून विपश्यना घेऊन आले. दहा दिवसांच्या शिबिराला आजही फी नाही. राहणं, जेवण, शिकवणं, कशालाच नाही. ज्याने आधी शिबिर पुरं केलंय त्याचंच दान घेतात, नवख्याचं आधी घेतच नाहीत. वाढणारे आणि ताटं घासणारे हे जुने साधक. मी दोनदा भांडी घासलीत. चौथ्या दिवशी गुडघ्यांनी असहकार पुकारला होता, ती गोष्ट वेगळी.

तिकडे १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल स्कूलमध्ये जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला, बौद्ध शब्द बाजूला ठेवून. हेतू चांगला होता: डॉक्टरांनी हात टेकलेले पेशंट. पण एकदा शील, दान, संघ हे सगळं सोलून नुसता श्वास उरला की तो कुठेही बसतो. २००७ मध्ये गूगलने कर्मचाऱ्यांसाठी वर्ग काढला. मग अ‍ॅपं आली. आता महिन्याची वर्गणी भरून झोपताना गोष्ट ऐकायची. ध्यान जागं राहायला शिकवायचं, हे झोपवतं.

---

शंकासुर | मंगळवार, सकाळी ८:००

फुकट काहीच नसतं, कोणीतरी दान दिलेलं असतं. आणि अ‍ॅपमुळे रात्री तीनला घाबरून उठलेल्या पोराला काहीतरी हाताशी मिळतं, त्याला इगतपुरीची गाडी पकडायला सांगणार का?

पण प्रामाणिकपणे, जुना_पँथर यांच्या प्रतिसादावर काल रात्रभर विचार केला. 'युनियन जाते' याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. शोधतोय.

---

सखू_घरकामवाली_नाही | मंगळवार, सकाळी ११:४०

इगतपुरी फुकट आहे हो, पण दहा दिवस फुकट नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या मावशी चार घरं करतात. दहा दिवस गेल्या तर परत आल्यावर दोनच घरं उरतील. बाकी दोन घरांतल्या मॅडम तेव्हा कदाचित विपश्यनेला गेलेल्या असतील. (हे मी स्वतःला धरून बोलतेय.)

---

लेकुरवाळी | मंगळवार, दुपारी ३:१०

कोणीच बाळंतपणावर बोललं नाही म्हणून लिहिते. मूल झोपलंय, वीस मिनिटं आहेत.

आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला उठू द्यायचे नाहीत. तेल, शेक, धुरी, अळीव, डिंकाचे लाडू, कानाला फडकं. सगळं शास्त्रशुद्ध होतं असं नाही. धुरीने माझा दमा उसळला होता आणि पाणी कमी प्यायला लावायचे, ते चूकच. पण आई पडून राहायची हे खरं. का राहू शकायची? आजी, मावशी, मालिशवाली, शेजारच्या काकू, एवढ्या जणी तिच्यासाठी उभ्या होत्या. माहेर नावाची यंत्रणाच होती. आणि ज्यांना माहेर नव्हतं त्या आठव्या दिवशी शेतात. ते कोणी सांगत नाही.

आता तेच 'पोस्टपार्टम वेलनेस पॅकेज' म्हणून मिळतं. चाळीस दिवसांचं, मालिश रोज, लाडू कुरिअरने, वर एक ऑनलाइन सत्र: 'नव्या आईने स्वतःला कसं जपावं'. मी घेतलं, खोटं कशाला बोलू, सासू-आई दोघींची गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, कोण येणार? मालिश करणारी ताई फार मायेची. पाचव्या दिवशी कळलं की तिचं स्वतःचं बाळ पाच महिन्यांचं आहे, ते ती बहिणीकडे टाकून येते. पॅकेजच्या पैशातले तिला किती मिळतात ते विचारलं. तो आकडा ऐकल्यावर मला लाडू गोड लागेना. पुढचे पैसे मी तिलाच द्यायला लागले, वरचे. त्याने काय होतंय म्हणा.

गवतीचहा, तुमच्या दोन झऱ्यांत हा तिसरा घाला: ज्यांच्या हातांनी दुसऱ्यांची सेल्फ-केअर होते त्यांचा.

उठलं. पळते.

---

मिरजेची_सिस्टर | मंगळवार, रात्री १०:४५

लेकुरवाळी, पाणी कमी देण्याबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. अजूनही करतात. बाळंतिणीने भरपूर पाणी प्यायचं, कोणी काही म्हणो.

तुमच्या त्या ताईबद्दल वाचून माझ्या मावसबहिणीची आठवण झाली, ती गावातली आशा सेविका आहे. त्यांना पगार नाही, मानधन. गावातल्या प्रत्येक बाळंतिणीच्या घरी ही जाणार, वजन करणार, कार्ड भरणार. तिच्या दोन्ही बाळंतपणांत तिच्याकडे कोण गेलं विचारलं तर म्हणते, "मीच गेले की, घरीच होते ना."

---

टिंग्या७९ | बुधवार, सकाळी ९:३०

धागा फार गंभीर झाला म्हणून वातावरण हलकं करतो. आमच्या सोसायटीत '१०८ सूर्यनमस्कार चॅलेंज'. नोंदणी ७९९ रुपये, त्यात टी-शर्ट, मेडल आणि एनर्जी ड्रिंक. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी शाळाशाळांत पोरांकडून सूर्यनमस्कार घालून घेतले, त्यांना बिचाऱ्यांना टी-शर्टचं सुचलं नाही. मी ३१ घातले आणि मेडल घेऊन घरी आलो. मेडल १०८ वाल्यांनाही तेच आहे. बायको म्हणाली, हळद घालून दूध देऊ का? म्हटलं, किती डॉलर?

---

शंकासुर | बुधवार, सकाळी ९:४१

टिंग्या, ३१ घातलेस हीच बातमी आहे.

गवतीचहा, एक राहिलं. हॉलीवूडच्या ग्विनेथ पॅल्ट्रोबाईंच्या 'गूप'ला विसरलात. २००८ मध्ये घरगुती पत्रक म्हणून सुरू केलेलं. पुढे बायकांनी शरीरात ठेवायचं जेडचं अंडं ६६ डॉलरला विकलं, हॉर्मोन्स सुधारतात वगैरे सांगून. कॅलिफोर्नियातल्या सरकारी वकिलांनी पुराव्याशिवाय दावे केले म्हणून धरलं, २०१८ मध्ये १,४५,००० डॉलर भरून प्रकरण मिटलं. कंपनी चालूच राहिली. बघा, मी तुमच्याच बाजूचा पुरावा देतोय, यालाच म्हणतात म्हातारपण.

---

जुना_पँथर | बुधवार, रात्री ८:२०

शंकासुर, म्हातारपण नव्हे, सोबत म्हणा.

गवतीचहा, त्या शनिवारांचं पुढे काय झालं ते सांगितलं नाहीत.

---

गवतीचहा | गुरुवार, रात्री ११:०५

पहिल्या शनिवारी सगळे गेलो. दुसऱ्या शनिवारच्या आधी आम्ही नऊ जणांनी मिळून एक मेल लिहिली, एकाच मेलवर नऊ नावं, की बदली रजा लेखी द्या नाहीतर येणार नाही. ही कल्पना मास्कवाल्या पोरीची. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: बदली रजा मंजूर, 'अपवाद म्हणून'. दुसऱ्या शनिवारी यावंच लागलं. तेव्हा जिंकलो म्हणायचं की नाही ते मला ठरवता आलेलं नाही. नऊपैकी दोघांचं यंदाचं अप्रेझल जरा लांबलंय, ते त्यामुळेच की नाही हेही कळत नाहीये.

लेकुरवाळी, तिसरा झरा मूळ लेखात घालायला बसले होते, पण तुम्ही लिहिलंय त्याहून बरं मला जमत नाहीये. तो तुमच्याच प्रतिसादात राहू दे.

---

मिरजेची_सिस्टर | गुरुवार, रात्री ११:३०

आणि मेणबत्ती?

---

गवतीचहा | गुरुवार, रात्री ११:३८

परवा पावसात लाइट गेली, लिफ्ट बंद. जिन्यात अंधार, वरच्या आजी डायलिसिसहून येत होत्या. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर लावून ठेवली. पाऊण तास जळली. सकाळी वॉचमन विचारत होता, जिन्यात फिनेल कोणी ओतलं.